सत्तेचाळीस नंबरचं पांढरं

माझा भाचा झुहेर हुशार आहे, पण त्याला अक्कल जरा उशिराच येते. हे मी त्याच्या आईला तो चार वर्षांचा असतानाच सांगितलं होतं. आता तो सव्वीसचा आहे आणि माझं म्हणणं मी बदललेलं नाही.

'सत्तेचाळीस' हे त्याच्या दुकानाचं नाव. दुकान नाही, ब्रँड म्हण मावशी, असं तो दिवसातून दोनदा बजावतो. घराचा नंबर सत्तेचाळीस, म्हणून ब्रँड सत्तेचाळीस. आमच्या हाय मोहम्मदी मोहल्ल्यातली पोरं जे घालतात तेच हा उचलतो. मॅचचे ट्रॅकसूट, बापाचं कारखान्यातलं निळं जाकीट, आजोबांच्या जिलाब्याची, म्हणजे पायघोळ झग्याची, टोकदार टोपी. ते जरा ढगळ करायचं, पाठीवर ४७ छापायचं आणि त्याच पोरांना तिप्पट भावाने विकायचं. पोरं रांगा लावतात! मी एकदा म्हटलं, "अरे, यांच्या घरी हे खुंटीला टांगलेलंच आहे की."

"खुंटीवर असतं तोवर ते कपडे, मावशी. आम्ही काढलं की स्टाइल."

घ्या! आणि कापायला, शिवायला मात्र मी.

दीड महिन्यापूर्वी माझा नवरा लारबी गेला. तेव्हापासून मी पांढऱ्यात आहे. डोक्याचा रुमाल पांढरा, जिलाबा पांढरा, मोजे पांढरे, सपातासुद्धा पांढऱ्या. चार महिने दहा दिवस हा नवऱ्याचा हक्क असतो. तेवढे दिवस गरजेशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून झुहेरने शिलाईचं ओव्हरलॉक मशीन उचलून माझ्याच खोलीत आणून ठेवलं. गल्लीला मात्र माझं पांढरं बघून हसू येत होतं. कारण लारबी आठ वर्षांपूर्वी तांजीरला गेला तो तिथल्या एका कॉफीवालीकडेच राहिला. खालच्या मजल्यावरची इट्टो तर तोंडावर म्हणाली, "तुरिया, आठ वर्षं ज्यानं ढुंकून पाहिलं नाही त्याच्यासाठी मोजेसुद्धा पांढरे?"

"काडीमोड झाला होता का?"

"नाही."

"मग मी त्याची कोण लागते?"

इट्टो निघाली, आणि जिना उतरताना हसली. मला ऐकू आलं.

तर एक दिवस झुहेर कापडाचे तागे घेऊन आला. मी खिडकीत बसून काजं करत होते, डोक्यावर टोपी ओढलेली. तो दारातच थबकला.

"मावशी, हलू नकोस."

"का? पाल आहे का अंगावर?"

"हलू नकोस म्हणतो ना!" आणि खटाखट फोटो काढले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. रुमालाची कपाळावरची घडी, बाहीचा घोळ, मोज्यांवर पडणारी जिलाब्याची किनार, सगळं. "किती सुंदर दिसतंय हे," तो म्हणाला.

खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत माझ्याकडे कोणी असं पाहिलं नव्हतं. लोक एक तर हसायचे, नाही तर नजर वळवायचे, कारण पांढऱ्यातली बाई समोर येणं बरं नव्हे असं आमच्याकडे मानतात. आणि हा पोरगा सुंदर म्हणत होता. पुढच्या आठवड्यात त्याने कागदी साचे आणले, तेव्हा टोपी कापतानाच मला कळलं की हा माझा जिलाबा आहे. मग रुमाल आला. मग त्याने विचारलं, "मोजे कुठवर हवेत, घोट्याच्या वर ना?" मला सगळं कळलं होतं. "हे विधवेचं आहे रे, कुठल्या बाईला घालू नकोस," एवढं एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी ते गिळलं. माझी चूक तिथं झाली. ती मी कोणावर ढकलणार नाही.

घालणार होती नुहैला. मागच्या गल्लीतल्या लल्ला झोरची सून, बावीस वर्षांची. पोरगी रॅप करते, आणि काय बोलते! शब्द फुटाण्यासारखे तडतडतात. तिचा नवरा जवाद अगादीरच्या मासेमारी बोटीवर आहे. महिना महिना समुद्रात, किनारा दिसला तर फोन, नाही तर नाही. तिचं नवं गाणं त्यावरच होतं, नाव 'दर्या'. 'दर्या, तुझं मीठ तुला घे, माझा माणूस मला दे,' असं त्याचं धृपद. गाणं आणि झुहेरचे कपडे एकाच दिवशी बाहेर काढायचे, असं त्या दोघांचं ठरलं होतं. गाण्यातली मुलगी समुद्राची वाट बघते, अंगावर फेसाचा रंग, असं काहीतरी झुहेर मला समजावत होता.

माप बघायला नुहैला माझ्याकडे आली. रुमालापासून सपातांपर्यंत सगळं घालून आरशासमोर उभी राहिली आणि हसता हसता थांबली.

"तुरिया मावशी, हे जरा... तसं नाही ना दिसत?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून बोलता आलं असतं. मी तशीच म्हणाले, "फॅशन आहे ती. सरळ उभी राहा."

ती सरळ उभी राहिली.

शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर फोटो आणि गाणं दोन्ही बाहेर आलं. मी एकटीच कुसकुस खात होते. झुहेरचा फोन आला, आवाज टिपेला गेलेला. "मावशी, एका तासात चारशे जणांनी मागितलं! आणि लोक रडतायत! गाणं ऐकून रडतायत! कुठल्या ब्रँडला जमलंय हे?"

"रडतायत कशाला?"

"कलाकृती आहे म्हणून!"

मी फोटो उघडला. नुहैला बंदरावरच्या दगडांवर उभी, पाठीमागे पाणी, आणि डोक्यापासून पायापर्यंत माझे कपडे. खाली लोकांनी लिहिलेलं वाचायला लागले. पहिल्यानं लिहिलं होतं, 'काय आवाज!' दुसऱ्यानं, 'अल्ला तुला सबूरी देवो, बहिणी.' तिसऱ्यानं, 'जवाद आमच्याबरोबर शाळेत होता, विश्वास बसत नाही.' मग तसलीच रांग. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

तेवढ्यात खिडकीखालून बायका जाताना दिसल्या. एक, मग दोघी, मग आणखी एक. प्रत्येकीच्या काखेत निळ्या कागदात गुंडाळलेली साखरेची उंच ढेप. साखरेची ढेप घेऊन बायका दोनच घरी जातात, लग्नाच्या नाही तर मयताच्या. आणि लग्नाला निघालेल्या बायका अशा खाली मान घालून जात नाहीत.

"इट्टो!" मी खिडकीतून ओरडले. "कोणाकडे गं?"

"तुला माहीत नाही? लल्ला झोरकडे. जवाद गेला. बोट बुडाली म्हणे. सुनेनं पांढरं घातलंय, फोनवर सगळीकडे आलंय!"

झुहेरला फोन लावला. तो अजून आकडे सांगत होता.

"गप्प बस! जवाद कुठं आहे?"

"बोटीवर. का?"

"शेवटचा फोन कधी आला त्याचा?"

"मला काय माहीत? नुहैलाला विचार. ती रबातला आहे, रेडिओवर मुलाखत द्यायला. फोन बंद असेल आत्ता."

"झुहेर, गल्लीला वाटतंय तो मेला. लल्ला झोरच्या घरी साखर पोचली."

पाच मिनिटांत तो माझ्या दारात होता, घामाने निथळत, पोराच्या पाचावर धारण बसलेली. "मी फोटो काढून टाकला. पण लोकांनी उतरवून घेतलाय, फिरतोय सगळीकडे. नुहैलाला निरोप ठेवलाय. आता मी काय करू, मावशी?"

"लल्ला झोरला जाऊन सांग."

"मी सांगू? मी त्या घरात पाऊल टाकलं तर बायका मला फाडून खातील."

"मग मी जाते."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू अशी? मावशी, तुला पांढऱ्यात दारात बघितलं तर ती म्हातारी जागीच जाईल. काहीतरी रंगीत घाल ना. तासाभराचा तर प्रश्न आहे."

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. मी पेटी उघडली. वरच जांभळा जिलाबा होता, तो हातात घेतला. घातला असता तर गल्ली म्हणाली असती, बघा, दीड महिन्यात संपलं हिचं सोंग. नाही घातला तर एक आई माझ्याकडे बघून छाती बडवणार होती. दोन वेळा घडी मोडली, दोन वेळा परत घातली. शेवटी पेटी लावून टाकली. लारबीला मी जिवंतपणी राखू शकले नाही, निदान मेल्यावर तरी त्याचे दिवस पुरे करीन असं मी ठरवलं होतं. आणि त्या फोटोतले कपडे कोणाचे हे दाखवायला माझ्या अंगावर ते असणंच बरं, असंही वाटलं. भीती तर अशी वाटत होती की जिन्यात दोनदा थांबले.

दीड महिन्यानंतर पहिल्यांदा गल्लीत पाय ठेवला. लोक बाजूला सरत होते. झुहेर माझ्या मागून, दहा पावलं अंतर ठेवून.

लल्ला झोरच्या दारात चपलांचा ढीग होता. आतल्या खोलीत भिंतीकडेच्या गाद्यांवर बायका दाटीने बसलेल्या आणि मधोमध ती, डोक्यावरचा रुमाल सुटलेला, डोळे कोरडे. मेजावर साखर रांगेत मांडलेली. मी दारात उभी राहिले आणि कोणीतरी किंकाळी फोडली. मग सगळ्यांनीच. लल्ला झोर माझ्याकडे बघत उठायला लागली आणि तिला उठताच येईना.

"थांबा!" मी ओरडले. "रडू नका! कोणी मेलेलं नाही!"

ऐकतंय कोण? मी तशीच आत घुसले, फोन काढला आणि तिच्या नाकासमोर धरला. "लल्ला झोर, हा फोटो बघ आणि माझ्याकडे बघ. रुमाल बघ. बाही बघ. मोजे बघ. हे माझे कपडे आहेत. माझ्या भाच्याने माझ्यावरून बेतले, मी माझ्या हाताने शिवले आणि तुझ्या सुनेला घातले. तिनं मला विचारलं होतं, असं कसं दिसतंय म्हणून. मी म्हटलं फॅशन आहे. तिला कोणाची खबर आलेली नाही. हे दुकानाचं पांढरं आहे, दुःखाचं नाही!"

रडणं थांबलं. इट्टो म्हणाली, "म्हणजे जाहिरात?"

"हो, जाहिरात!"

"अगं आग लागो तुमच्या जाहिरातीला!" एक जण म्हणाली. "आम्ही साखर घेऊन आलो की इथं!"

ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मी आले होते माफी मागायला, पण तोंड काही थांबेना. "आलात ना? मोजल्या मी. नऊ ढेपा! ज्याची खबर नाही त्याच्यासाठी तासाभरात नऊ, आणि माझ्या लारबीसाठी दीड महिन्यात एक नाही! माझ्या पांढऱ्यावर हसलात आणि हिच्या पांढऱ्यावर धावत आलात!"

इट्टो आपल्या मांडीवरचा जिलाबा सारखा करत बसली. लल्ला झोरने मात्र यातलं काही ऐकल्यासारखं दिसलं नाही. तिने माझं मनगट धरलं.

"कपडे तुझे. मान्य. पण माझा पोरगा जिवंत आहे हे तुला कोणी सांगितलं?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं.

"सोमवारी फोन यायचा होता, आला नाही," ती म्हणाली. "काल दुपारी वारा सुटला होता. मी कोणाला बोलले नाही. बोललं की खरं होतं. आणि आज या सगळ्या आल्या." तिने मनगट सोडलं नाही. "बोल ना. शपथ घे. जिवंत आहे म्हण."

खोटी शपथ घ्यावी तर अल्ला बघतोय, न घ्यावी तर ही बघतेय. "मला माहीत नाही, लल्ला," मी म्हणाले. "पण मेल्याची खबर आलेली नाही, एवढं खरं."

झुहेर दाराबाहेरून एकेकाला फोन लावत होता. बंदरावरच्या ऑफिसात कोणी उचलेना, शुक्रवार ना. कोणाकडून तरी बोटीच्या मालकाचा नंबर मिळाला. मालक म्हणाला, वायरलेसवर काल सकाळी बोलणं झालं होतं, त्यानंतर नाही, बघतो. या 'बघतो'वर आम्ही सगळ्या बसलो. एकही बाई उठली नाही. घरी जावं तर बातमीवाचून जावं लागेल, आणि बसावं तर कशासाठी बसलोय ते माहीत नाही. कोणीतरी चहा केला. मयताचा करावा तसा पुदिन्याशिवाय की रोजचा, यावर स्वयंपाकघरात कुजबुज झाली. शेवटी रोजचाच आला आणि कोणी प्यायलं नाही.

मी तिच्या शेजारी बसले होते आणि मला सारखं एकच वाटत होतं. मी जे गिळलं, ते त्या समुद्राने ऐकलं असेल तर? माझे कपडे त्या पोरीच्या अंगावर चढले तेव्हाच काही लिहिलं गेलं असेल तर? वेड्यासारखे विचार, पण येत होते. मशिदीतून अस्रची, तिसऱ्या प्रहरची बांग झाली. सूर्यास्ताच्या मगरिबला अजून अवकाश होता.

मग नुहैला आली. रबातहून मिळेल त्या गाडीने आली होती, अंगात लाल ट्रॅकसूट, काजळ गालावर. सासूने आधी तिच्या कपड्यांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"तुला आला होता का गं फोन?"

"नाही, आई. मलाही नाही. सोमवारपासून नाही." ती सासूच्या पायाशी बसली. "मी गात होते ना, तेव्हा मनात तेच होतं. म्हणून तसं गायलं गेलं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "मी तुला विचारलं होतं, मावशी."

"विचारलं होतंस."

"मग?"

"मला कोणी तरी सुंदर म्हटलं होतं," मी म्हणाले. दुसरं कारणच नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या बाईने वीस माणसांत हे सांगावं! पण सांगितलं. नुहैलाने मान फिरवली.

मगरिबच्या थोडं आधी झुहेर धडपडत आत आला, चपला न काढता. फोन पुढे धरलेला, आवाज मोठा केलेला. खरखर, वारा, आणि मग, "आई? आई! मालक म्हणतो मी मेलोय. खरं का?"

लल्ला झोरने फोन दोन्ही हातांनी धरला.

"अगं, इंजिन बिघडलं होतं, दुसऱ्या बोटीनं ओढत आणलं. फोन पाण्यात पडला. आई, ऐकतेस ना? नुहैला कुठाय? पोरं म्हणतात तिनं माझं गाणं काढलं आणि मलाच मारलं!"

"मेल्या!" लल्ला झोर एकदम फुटली. "गाढवा! चार दिवस आईचा जीव टांगणीला लावून वर तोंड करून विचारतोस? जेवलास का?"

नुहैला फोनवर झेपावली, ती हसत होती की रडत होती कळेना. खोलीत एकच कल्ला उडाला. एकीने लग्नात काढतात तसा यू-यू-यू असा आनंदाचा लांब सूर काढला, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. जिभा नुसत्या नाचत होत्या. झुहेर भिंतीला टेकून मटकन खाली बसला. इट्टोने जवळच्या बाईला मिठी मारली. मीही हसले. सुटले बाई, जीव भांड्यात पडला. मग उठले. पांढऱ्यातल्या बाईचं अशा ठिकाणी काय काम? कोणाच्या आनंदाला माझी नजर नको, म्हणून भिंतीच्या कडेकडेने दाराकडे निघाले.

"गप्प!"

लल्ला झोरचा आवाज होता. यू-यू थांबेना.

"गप्प बसा सगळ्या!" तिने मेजावर हात आपटला. "लाज नाही वाटत? हिच्या घरी मयत झालीय."

फोनमधून जवाद विचारत होता, काय झालं, काय झालं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि या वेळी कोणी नजर वळवली नाही. लल्ला झोर उठून माझ्यापाशी आली, मला धरून दाराजवळच्या गादीवर बसवलं आणि स्वतः समोर बसली.

"केव्हा गेला गं तुझा माणूस?"

"बुधवारी," मी म्हणाले. "मला शुक्रवारी कळलं."

आणि मग मला काही आवरेना.